ओटीपी सांगण्याआधी रिटर्न वाचा

रिटर्नचा मोसम आला की आमच्या मालेगावात एक प्रसंग घरोघर घडतो. कारखानदार मागांच्या खडखडाटात उभा असतो आणि खिशातला फोन वाजतो. पलीकडे कर सल्लागाराच्या ऑफिसातला मुलगा असतो. "चाचा, तुमच्या मोबाइलवर सहा आकडे आले असतील, जरा सांगा." चाचा आकडे सांगतात, फोन खिशात ठेवतात आणि वर्षाचे काम उरकले असे समजून पुन्हा बीमकडे वळतात. रिटर्नमध्ये काय लिहिले आहे ते त्यांनी पाहिलेले नसते आणि विचारलेलेही नसते.

आमच्या आजोबांच्या पिढीत लोक न वाचता कागदावर अंगठा उठवीत. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, सही करू लागलो, आता मोबाइल चालवतो. पण न वाचता ओटीपी सांगणे हा तोच अंगठा आहे. त्या सहा आकड्यांचा अर्थ असा की, या कागदातली प्रत्येक रक्कम खरी आणि पूर्ण आहे असे आपण स्वतः जाहीर करतो. चूक सल्लागाराची असली तरी नोटीस त्याच्या नावाने निघत नाही.

वाचक बंधूंनो, हे आम्ही उपदेश म्हणून लिहीत नाही. आम्हाला ठेच लागली म्हणून लिहितो.

आमची चूक

बँकेने आमच्या कॅश क्रेडिट लिमिटसाठी एक मुदत ठेव तारण म्हणून ठेवून घेतली होती. ३१ मार्च २०२२ ला संपलेल्या वर्षात तिच्यावर ४६,००० रुपये व्याज जमा झाले. त्यावर बँकेने दहा टक्क्यांप्रमाणे ४,६०० रुपये कर कापून सरकारात भरला. बँकेचे व्याज आम्ही घरखर्चाला लावत नाही. सवाबची नियत न ठेवता तेवढी रक्कम गरजूंना देऊन टाकतो. त्या वर्षीही तशीच दिली. जे आपले मानलेच नाही ते रिटर्नमध्ये कशाला लिहायचे, अशी आमची समजूत होती. सल्लागाराला आम्ही ठेवीबद्दल काही बोललोच नाही.

रिटर्न तयार होताना मात्र कापलेल्या कराचा आकडा संगणकाने आपोआप उचलला. म्हणजे ४,६०० रुपयांची वजावट आम्ही मागितली, पण ज्या व्याजावर ती कपात झाली ते व्याज कुठेच दाखवले नाही. रिटर्न सदोष असल्याची नोटीस निघाली. दुरुस्तीला १५ दिवस होते. नोटीस गेली ती रिटर्नवर लिहिलेल्या ई-मेलवर, आणि तो ई-मेल होता सल्लागाराच्या ऑफिसचा. शेकडो लोकांच्या पत्रांत आमचे पत्र पडून राहिले. मुदत टळली आणि रिटर्न अवैध ठरले. कायद्याच्या नजरेत आम्ही त्या वर्षी रिटर्न भरलेच नव्हते.

आम्हाला हे कळले फेब्रुवारी २०२३ मध्ये, लिमिटच्या नूतनीकरणासाठी बँकेने कागद मागितले तेव्हा. मार्चच्या अखेरीस रमजान सुरू होणार होता, म्हणजे माल भरण्याचे ऐन दिवस. बँकेने लिमिट अडवले. उशिराचे रिटर्न भरण्याची ३१ डिसेंबरची तारीखही निघून गेली होती. शेवटी अद्ययावत रिटर्न भरावे लागले. व्याजावरचा कर, त्यावरचा विलंबाचा भुर्दंड, ५,००० रुपये लेट फी आणि कर व भुर्दंड यांवर २५ टक्के जादा कर, असे पैसे गेले. पैशांचे दुःख थोडे होते. पंचवीस वर्षांच्या धंद्यात आमचा चेक कधी परत गेला नव्हता. त्या सीझनला आम्ही सूतवाल्याच्या पेढीवर पंधरा दिवसांची मुदत मागायला गेलो.

सल्लागाराला दोष देऊन भागत नाही. ठेवीची पावती आमच्या कपाटात होती, त्याच्या नाही.

आधी कागद मांडा

कापडाचा तागा आपण न उलगडता घेत नाही. टेबलावर पसरतो, उजेडात धरतो, मग घडी घालतो. रिटर्नचेही तसेच करावे. सल्लागाराकडून रिटर्नचा मसुदा दाखल करण्यापूर्वी छापून मागावा. मागितला तर कोणी नाही म्हणत नाही. आपणच मागत नाही.

मसुद्याशेजारी पाच गोष्टी ठेवाव्यात. पहिली, २६ ए.एस. हे पत्रक, आपल्या पॅनवर कोणी किती कर कापला ते त्यात दिसते. दुसरी, ए.आय.एस., म्हणजे वार्षिक माहिती पत्रक. नोव्हेंबर २०२१ पासून ते आयकराच्या संकेतस्थळावर मिळते. बँकेचे व्याज, शेअर व म्युच्युअल फंडाची विक्री, लाभांश, जमीन-घराचे व्यवहार, जीएसटीत दाखवलेली उलाढाल, असे बरेच काही त्यात असते. तिसरी, वर्षभराची सर्व बँक खाती, बंद पडल्यासारखी खातीही. चौथी, जीएसटीची रिटर्न. पाचवी, आपला रोजमेळ आणि खातेवही.

एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. खाते आपल्या रिटर्नची तुलना याच कागदांशी करते आणि त्यातले बहुतेक आपल्या आधी त्यांच्या हाती असतात. जो मेळ संगणक पुढे घालणार आहे, तो आपण आधी घालावा, एवढेच हे काम आहे.

ए.आय.एस. मध्येही चुका असतात. एकच रक्कम दोनदा येते, दुसऱ्याचा व्यवहार आपल्या पॅनवर चढतो. अशा नोंदीवर तिथेच हरकत नोंदवता येते. चुकीची नोंद मुकाट्याने मान्य करू नये आणि दुर्लक्ष करून सोडूही नये.

पहिले पान: नाव, फोन, खाते

पहिल्या पानाकडे कोणी पाहत नाही. आपल्या लोकांची तर इथेच जास्त अडचण होते. पॅनवर 'मोहम्मद' पूर्ण, आधारवर 'मोहंमद', बँकेत नुसते 'मो.'; कुठे 'शेख' आधी, कुठे शेवटी; कुठे वडिलांचे नाव मध्ये, कुठे गायब. इंग्रजी स्पेलिंगचे प्रकार तर मोजता येणार नाहीत. नावाचा मेळ बसला नाही की बँक खाते पडताळले जात नाही आणि परतावा अडकतो. म्हणून पॅन, आधार आणि बँक पासबुक शेजारी ठेवून नाव अक्षर अक्षर ताडून पाहावे. फरक असेल तर मोसम नसताना दुरुस्त करून घ्यावा.

ज्यांनी आधार पॅनशी जोडणे बंधनकारक असूनही जोडले नाही, त्यांचे पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झाले. अशा पॅनवर परतावा मिळत नाही आणि कर जास्त दराने कापला जातो. घरातल्या वडीलधाऱ्यांचे आणि बायकांचे पॅनही तपासावे.

मोबाइल आणि ई-मेल आपला असावा. ई-मेल नसेल तर शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडून उघडून घ्यावा आणि आठवड्यातून एकदा त्याच्याकडून पाहून घ्यावा. आमचे नुकसान नेमके या एका ओळीने झाले.

फॉर्म कोणता?

छोटे कारखानदार आणि दुकानदार बहुधा आय.टी.आर. ४ हा सोपा फॉर्म भरतात. उलाढालीवर ठरावीक टक्के नफा दाखवायचा, वह्यांची तपासणी नाही. उलाढालीची मर्यादा २ कोटी. रोखीची जमा एकूण जमेच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी. पण ही सवलत सर्वांना नाही. कापड बाजारातले आमचे कित्येक दलाल बांधव हाच फॉर्म भरतात, आणि ते चूक आहे. दलाली, कमिशन किंवा एजन्सीच्या मिळकतीला ही ठरावीक टक्क्यांची पद्धत लागू नाही. त्यांनी आय.टी.आर. ३ भरावा आणि हिशेब ठेवावा. एकूण मिळकत ५० लाखांवर असेल तरी आय.टी.आर. ४ चालत नाही. आय.टी.आर. १ तर धंद्याच्या मिळकतीला मुळीच चालत नाही.

उलाढाल आणि मजुरी

आता मुख्य आकडा. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीकडे पुष्कळ मागवाले व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणतात. अशा मागवाल्याची उलाढाल म्हणजे त्याची मजुरी. व्यापाऱ्याच्या कापडाची किंमत नव्हे. मजुरी देणारा मोठा व्यापारी त्यातून १ टक्का कर कापतो.

समजा, वर्षाची मजुरी १८ लाख. त्यातील १४ लाख बँकेतून आले, ४ लाख रोख. बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के म्हणजे ८४,०००. रोखीवर ८ टक्के म्हणजे ३२,०००. मिळून १,१६,००० रुपये नफा कमीत कमी दाखवावा लागतो. खरा नफा जास्त असेल तर तो जास्तच दाखवायचा. ही टक्केवारी किमान आहे. व्यापाऱ्यांनी पूर्ण रकमेवर १ टक्का कापला असेल तर २६ ए.एस. मध्ये १८,००० रुपये दिसतील आणि मिळकत करपात्र नसेल तर ते परत मिळतील.

येथे दोन चुका होतात. एक, मागवाला आपल्या अंदाजाने उलाढाल १५ लाख लिहितो, पण परतावा मागतो १८ लाखांवर कापलेल्या कराचा. संगणकाला हा फरक ताबडतोब दिसतो. दुसरी, व्यापाऱ्याने कापलेला कर चुकीच्या पॅनवर जमा होतो किंवा भरलाच जात नाही. २६ ए.एस. मध्ये रक्कम नसेल तर रिटर्न भरण्याआधी व्यापाऱ्याला गाठावे. मजुरीच्या बिलांची यादी करून प्रत्येक पार्टीसमोर कपात लिहून ठेवली तर हे काम अर्ध्या तासात होते.

जीएसटी भरणाऱ्यांनी वर्षाची जीएसटीतली उलाढाल आणि रिटर्नमधली उलाढाल समोरासमोर लिहावी. परत आलेला माल, डिस्काउंट यामुळे फरक पडू शकतो. पण तो का पडला हे एका कागदावर लिहून फाइलीत ठेवावे. दोन वर्षांनी विचारले तर आठवत नाही.

व्याज, भाडे आणि इतर मिळकत

व्याजाचा प्रश्न आमच्या वाचकांत पुष्कळांचा आहे, म्हणून पुन्हा सांगतो. व्याजाच्या पैशाचे काय करावे हा उलेमांचा विषय आहे, त्यात आम्ही पडत नाही. आमचे सांगणे रिटर्नपुरते आहे. आपण ते खाल्ले, दान केले की खात्यातच पडू दिले, हे आयकर कायदा पाहत नाही. खात्यात जमा झाले की ती मिळकत आहे आणि ती लिहिली पाहिजे. वाटून टाकल्याने ती रिटर्नमधून वगळता येत नाही. बँकेने कर कापला नाही म्हणजे व्याज करमुक्त झाले, हाही गैरसमज आहे. मुदत ठेवीवर ५०,००० रुपयांपर्यंत, ज्येष्ठांना १ लाखापर्यंत, बँक कर कापत नाही. ही मर्यादा कपातीची आहे, माफीची नाही.

घरभाडे किंवा शेडचे भाडे येत असेल, वारसाने मिळालेल्या जागेत आपला हिस्सा असेल, शेअर विकले असतील, तर तेही पाहावे. पत्नीला पैसे देऊन तिच्या नावे ठेव ठेवली किंवा शेअर घेतले, तर त्यापासूनची मिळकत बहुधा नवऱ्याच्याच मिळकतीत धरली जाते. 'बायकोचे रिटर्न वेगळे भरतो' एवढ्याने ती वेगळी होत नाही.

वजावट: खरी आणि खोटी

आकारणी वर्ष २०२४-२५ पासून नवी करपद्धत आपोआप लागू आहे. तिच्यात दर कमी आहेत, पण विमा, भविष्य निर्वाह निधी, देणग्या यांच्या बहुतेक वजावटी नाहीत. त्या हव्या असतील तर धंदा करणाऱ्याने रिटर्नच्या मूळ मुदतीत १०-आय.ई.ए. हा फॉर्म भरून जुनी पद्धत निवडावी लागते, आणि एकदा नव्या पद्धतीत परतल्यावर पुन्हा जुनीकडे जाता येत नाही. मसुद्यात कोणती पद्धत धरली आहे, हे विचारून दोन्ही प्रकारे कर काढायला सांगावा. नव्या पद्धतीत ३१ मार्च २०२६ ला संपलेल्या वर्षासाठी १२ लाखांपर्यंतच्या साध्या मिळकतीवर सूट मिळून कर लागत नाही. मात्र शेअर विक्रीच्या नफ्यासारख्या वेगळ्या दराच्या मिळकतीला ही सूट धरू नये.

जकातीबद्दलही विचारणा होते. गरिबाच्या हाती दिलेल्या जकातीची करात वजावट नाही. जुन्या पद्धतीत वजावट मिळते ती ८०-जी ची मान्यता असलेल्या संस्थेच्या देणगीवर, आणि रोखीने २,००० रुपयांपेक्षा जास्त दिले तर त्यावरही नाही.

काही मंडळी 'परतावा काढून देतो, त्यात आमचा हिस्सा' असे सांगत फिरतात. ते खोटी देणगी, खोटे घरभाडे, खोटा आजार लिहितात. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने देशभर अशा मध्यस्थांवर तपासण्या केल्या. उत्पन्न कमी दाखवल्यास कराच्या ५० टक्के दंड आहे. खोटी माहिती देऊन केले असेल तर २०० टक्के. मध्यस्थ आपला हिस्सा घेऊन जातो, दंडाची नोटीस आपल्या दारात येते.

शिल्लक, माल आणि उसनवार

आय.टी.आर. ४ मध्ये वर्षअखेरचा माल, येणे, देणे आणि रोख शिल्लक विचारतात. पुष्कळ ऑफिसांत तिथे अंदाजे आकडे भरतात. ३१ मार्चला गल्ल्यात वीस हजार असताना रिटर्नमध्ये सहा लाख लिहिले, तर पुढे तो आकडा सिद्ध करता येत नाही. त्या तारखेचा माल मोजून, उधारीची यादी करून, रोजमेळातली शिल्लक लिहून सल्लागाराला द्यावी.

भाऊबंदांत कर्जे हसना देण्या-घेण्याची आपली चांगली रीत आहे. ती चालू राहावी, पण बँकेतून. २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घेण्यास कायद्याची मनाई आहे आणि दंड त्या रकमेइतकाच होऊ शकतो. व्याज नाही म्हणून नियम सुटत नाही.

चलन आणि वर्ष

कर भरला असेल तर चलनावरील पॅन, वर्ष आणि रक्कम मसुद्याशी ताडून पाहावी. ठरावीक टक्क्यांच्या पद्धतीत कर १०,००० किंवा त्याहून जास्त निघत असेल तर पूर्ण आगाऊ कर १५ मार्चपर्यंत भरायचा असतो. राहिल्यास त्यावर व्याज बसते.

वर्षाच्या नावाचा गोंधळ विशेष सांभाळावा. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या मिळकतीला १९६१ चाच कायदा आहे, आणि तिचे आकारणी वर्ष २०२६-२७. पण १ एप्रिल २०२६ पासूनच्या मिळकतीला २०२५ चा नवा कायदा आहे. त्यात आकारणी वर्ष हा शब्द नाही, 'कर वर्ष' आहे, आणि त्या पहिल्या कर वर्षाचेही नाव २०२६-२७ च. आकडे एक, वर्षे दोन. चलन भरताना चूक होण्याची जागा हीच. नव्या कायद्यात कलमांचे व फॉर्मचे क्रमांक वेगळे असले तरी पडताळणीची रीत तीच राहते.

दाखल केल्यावर

रिटर्न दाखल झाले म्हणजे काम संपले नाही. ३० दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते. आधारच्या ओटीपीने, नेट बँकिंगने, किंवा सही केलेली पावती बंगळूरच्या केंद्राला पाठवून. ही मुदत चुकली तर दाखल केल्याची जुनी तारीख जाते. पडताळणीची पोच छापून फाइलीत लावावी.

त्यानंतर खात्याकडून आकारणीची सूचना येते. तिच्यात दोन रकाने असतात: आपण लिहिलेले आणि त्यांनी धरलेले. ओळ ओळ ताडावी. खात्याच्या बाजूने उघड चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज करता येतो. आपली चूक लक्षात आली तर ठरलेल्या मुदतीत सुधारित रिटर्न भरावे. ती मुदतही गेली तर अद्ययावत रिटर्नचा रस्ता आकारणी वर्ष संपल्यापासून ४८ महिने खुला असतो. पण त्यात वर्षागणिक २५, ५०, ६० आणि ७० टक्के जादा कर आहे, आणि त्यातून कर कमी करता येत नाही की परतावा वाढवता येत नाही. चूक जितकी लवकर सापडेल तितकी स्वस्त पडते. दाखल करण्याआधी सापडली तर फुकटच.

आमच्याकडे शुक्रवारी माग बंद असतात. जुम्म्याच्या नमाजनंतर जेवण झाले की आम्ही आता वर्षातून एकदा मसुदा आणि ते पाच कागद घेऊन बसतो. थोरला मुलगा इंग्रजी वाचतो, आम्ही रोजमेळातून आकडा सांगतो, जुळला की पेन्सिलीने खूण करतो. गेल्या वर्षी सल्लागाराच्या ऑफिसातून फोन आला तेव्हा मसुदा अजून वाचायचा होता. आम्ही म्हटले, "बेटा, ओटीपी शनिवारी देतो." तो जरा नाराज झाला. पण त्या शुक्रवारी बंद पडलेल्या एका जुन्या खात्यातले व्याज सापडले, आणि शनिवारी त्यानेच ती ओळ वाढवली. तास गेला, पण या वेळी लिमिटचे कागद पहिल्या फेरीत मंजूर झाले.